झाडपाल्याच्या औषधांची नोंद : मिरजगाव परिसरासाठी एक कार्यपद्धती

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे अहिल्यानगर–सोलापूर रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव सीना आणि भीमा या नद्यांच्या दरम्यानच्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. या पट्ट्यात सह्याद्रीसारखे दाट जंगल नाही, आणि त्यामुळे येथे वनौषधींची परंपरा असण्याचे कारण नाही, असा समज शिकलेल्या माणसांतही आढळतो. हा समज चुकीचा आहे. माळरान, शेताचा बांध, ओढ्याचा काठ आणि गावठाणाची पडीक जागा येथे उगवणारी तरवड, आघाडा, निर्गुडी, रुई, गुळवेल, माका, गोखरू, कोरफड आणि एकदांडी ही दुष्काळी मुलखाची औषधसामग्रीच असून, तिचे ज्ञान मेंढरे राखणारे धनगर, माळरानाशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले पारधी, जडीबुटी विकत फिरणारे वैदू आणि बाळंतपणे केलेल्या वृद्ध स्त्रिया यांच्याकडे विखुरलेले असते. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांकडे असलेले ज्ञान अभ्यासकांच्या नजरेत अधिक भरते; माळावरचे ज्ञान मात्र विरळ, फिरते आणि बहुतांशी अलिखित असल्यामुळे ते आधी नाहीसे होण्याची शक्यता आहे.

हे ज्ञान जपायचे तर ते मोकळेपणाने वाटले पाहिजे, हे तत्त्व योग्य आहे. परंतु संमती, वनस्पतीची ओळख, नोंद, धोक्याची पारख आणि त्यानंतर वाटप असा कामाचा क्रम असावा लागतो. व्यवहारात तो नेमका उलटा होतो. कोणाच्या तरी तोंडची कृती आधी मोबाइलवरून शेकडो लोकांपर्यंत पोचते, झाड कोणते याची खात्री नंतरही होत नाही आणि सांगणाऱ्याचे नाव पहिल्याच फेरीत गळून पडते. अशा वाटपाने ज्ञान पसरत नाही, फक्त अफवा पसरते.

लेखी नोंदीला इतके महत्त्व का, हे हळदीच्या एकस्वाच्या प्रकरणावरून समजते. एकस्व, म्हणजे पेटंट, हा एखाद्या नव्या शोधाचा ठरावीक काळ एकट्याने व्यापारी उपयोग करण्याचा कायदेशीर हक्क होय. जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबाबतचे एकस्व अमेरिकेत १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. भारतातील प्रत्येक घरात जखमेवर हळद दाबतात, हे सांगणे त्या वेळी पुरेसे नव्हते, कारण अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यात परदेशातील मौखिक वापर हा पुरावा धरला जात नसे. जुने ग्रंथ आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक लेख हेच कामाला आले. युरोपातील कडुनिंबाच्या एकस्वाचा प्रवास थोडा निराळा आहे. १९९४ मध्ये दिलेले ते एकस्व २००० मध्ये रद्द झाले व २००५ मध्ये अपिलातही तोच निर्णय कायम राहिला, आणि त्यात महाराष्ट्रातील एका उद्योजकाने ऐंशीच्या दशकाच्या मध्याला शेतात घेतलेल्या चाचण्यांची साक्ष उपयोगी पडली. तात्पर्य, वापर कुठे, कधी आणि कोणी केला, हे तारखेसह सिद्ध करता आले पाहिजे.

पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय सुरू झाले व परदेशी एकस्व-कार्यालयांना ते तपासणीसाठी उपलब्ध झाले. परंतु त्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध आणि योग यांच्या ग्रंथांतील, म्हणजे आधीच लिहिलेल्या ज्ञानाचा समावेश आहे. मिरजगावच्या शिवारात मेंढीच्या पायाला लावला जाणारा पाला त्यात सापडणार नाही. भारतीय एकस्व कायद्याच्या कलम २५ नुसार स्थानिक समाजातील मौखिक ज्ञानाच्या आधारेही हरकत घेता येते, हे खरे. तथापि देशाबाहेर ते संरक्षण आपोआप लागू होत नाही, आणि देशातही हरकत घेणाऱ्याच्या हाती काहीतरी कागद असावा लागतोच. मात्र लेखनाला दुसरी धार आहे. परवानगी न घेता छापलेली कृती ही त्या समाजाच्या हातून कायमची सुटलेली वस्तू होय, आणि ती परत घेण्याचा मार्ग कोणत्याही कायद्यात नाही. म्हणून संमतीचा विचार सर्वांत आधी.

संमती आणि नाव

संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. माहिती कशासाठी घेतली जात आहे, ती कोठे छापली जाईल, छापल्यावर तिचा वापर कोणीही, अगदी औषध कंपनीसुद्धा, करू शकेल आणि नंतर ती मागे घेता येणार नाही, या चार गोष्टी सांगणाऱ्याच्या बोलीत समजावून सांगितल्यावर आणि विचार करायला काही दिवस दिल्यावर मिळालेला होकार हीच संमती होय. घरातल्या मोठ्या माणसांशी बोलून मग सांगतो, असे कोणी म्हटल्यास ती टाळाटाळ समजू नये, कारण अनेक कुटुंबांत औषध एकट्याचे नसून घराण्याचे असते. औषध सांगितले की त्याचा गुण जातो, अशी श्रद्धाही ठिकठिकाणी आढळते. तिच्यावर वाद घालून माहिती काढून घेणे हे नोंद करणाऱ्याचे काम नव्हे. तो नकारच आहे आणि तसाच तो वहीत लिहावा.

नाव देण्याची रीत नवी नाही. कोचीचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेल्या आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममधून बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांचे निवेदन छापलेले आहे, आणि ते कोकणी निवेदन नागरी लिपीत आहे. साम्राज्याच्या व्यापारी हेतूने निघालेल्या ग्रंथालाही सांगणाऱ्यांची नावे देणे आवश्यक वाटले, तर आजच्या गावपातळीवरील पुस्तिकेने 'एका जाणकाराने सांगितले' असे मोघम लिहिण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

तथापि नाव छापण्यात एक अडचण आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. महाराष्ट्रात नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे 'अमुक गावचे अमुक हे कावीळ बरी करतात' असे छापल्याने गौरवापेक्षा चौकशीच मागे लागू शकते. नाव 'ज्ञानदाता' म्हणून द्यावे, 'उपचार करणारा' म्हणून नव्हे, आणि नाव नको असल्यास गाव व समाज एवढाच उल्लेख ठेवून मूळ नाव सीलबंद नोंदीत राखावे. वैदूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भटक्या जमातींत गणला जाणारा हा समाज जडीबुटीच्या विक्रीवर जगत आला आहे, आणि त्यांचे औषध फुकट वाटणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणे ठरू शकते. दिलेल्या वेळेचे मानधन रोख द्यावे, आणि जी मुळी विकून घर चालते तिची कृती मोकळी करण्याचा आग्रह धरू नये.

झाडाची ओळख

स्थानिक नाव लिहिले म्हणजे झाड ओळखले, असे होत नाही. एका गावची ब्राह्मी दुसऱ्या गावी वेगळीच वनस्पती असते. शंखपुष्पी या नावाखाली निरनिराळ्या वेली आणि झुडपे विकली जातात. पुनर्नवेच्या जागी जमिनीलगत तशीच पसरणारी दुसरी वनस्पती खुडली जाते. या गोंधळाची किंमत कधी फार मोठी असते. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी सुरू झाला, आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेताना या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती काय, हाच प्रश्न पुढे केला. त्या वादात कोण बरोबर होते हे येथे ठरवण्याची गरज नाही. वापरलेल्या वेलीचा नमुना कोणीही जपून ठेवलेला नसेल, तर अशा प्रश्नाचे उत्तर पुढे कधीच मिळत नाही, एवढे पाहणे पुरेसे आहे.

म्हणून प्रत्येक नोंदीला वाळवलेला नमुना जोडावा. पाने, आणि शक्य तेव्हा फूल व फळ असलेली फांदी वर्तमानपत्राच्या घड्यांत सपाट पसरून वर वजन ठेवावे, ओल शोषलेले कागद पहिले काही दिवस रोज बदलावेत, आणि पूर्ण वाळल्यावर ती जाड कागदावर शिवून अथवा चिकटवून खाली स्थानिक नाव, जागा, जमिनीचा प्रकार, तारीख, सांगणाऱ्याचे आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे. मुळी किंवा साल वापरली जात असेल तर तिचाही तुकडा वेगळ्या पाकिटात ठेवावा, कारण बाजारात जाते ती मुळी, फांदी नव्हे. जिल्ह्याच्या वनस्पतींवर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या प्रधान आणि सिंग या अभ्यासकांचा ग्रंथ १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे; त्याच्याशी ताडून पाहता येते, आणि शंका राहिल्यास राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातील किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना नमुना दाखवता येतो. छायाचित्र उपयोगी असते, पण ते नमुन्याची जागा घेऊ शकत नाही.

कर्जत तालुक्यातच रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. तेथून पाला किंवा मुळी तोडणे कायद्याने निषिद्ध असल्यामुळे नमुने गावरान, खासगी बांध आणि रस्त्याकडेची जागा येथूनच घ्यावेत.

नोंदीत काय असावे

झाडपाल्याच्या बहुतेक छापील संग्रहांचा सर्वांत मोठा दोष असा, की त्यांत वनस्पती असते, रोग असतो आणि मधले सगळे गायब असते. 'निर्गुडी — सांधेदुखीवर' ही ओळ नोंद नव्हे. कोवळा पाला की जून, ओला की वाळलेला, वाफ की लेप, कशात वाटला, किती वेळ ठेवला, किती दिवस, पथ्य काय, आणि गुण न आल्यास काय करतात, हे सर्व विचारल्याशिवाय नोंद पुरी होत नाही. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. चांगला जाणकार आपल्या औषधाची हद्द ओळखून असतो, आणि ती हद्द हाही त्या ज्ञानाचाच भाग होय.

मापे सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहावीत आणि शेजारी आजचे वजन प्रत्यक्ष मोजून नोंदवावे. जुन्या हिशेबाने ८ गुंजांचा मासा व १२ माशांचा तोळा, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम भरते. पण एका माणसाची मूठ आणि दुसऱ्याची मूठ यांत दुपटीचा फरक पडू शकतो, म्हणून 'मूठभर' लिहून थांबू नये, ती मूठ तराजूवर ठेवावी. बाळगुटीत तर माप वजनाचे नसतेच. मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, जायफळ यांचे सहाणेवर किती वेढे उगाळायचे, यावर मात्रा ठरते आणि बाळाच्या वयाप्रमाणे वेढे वाढतात. हे माप ज्या स्त्रियांकडे असते त्यांना कोणी जाणकार म्हणत नाही आणि त्या स्वतःही म्हणवून घेत नाहीत. पुरुष कार्यकर्त्यांनी केलेल्या संग्रहांतून हा सगळा विभाग हमखास सुटतो. ही नोंद स्त्रियांनीच घ्यावी, आणि तिच्यासोबत पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये हा आजचा वैद्यकीय सल्लाही छापावा.

नेमकेपणाने लिहिलेली कृती मोकळी केली की तिचा उपयोग किती दूर जातो, हे दुभत्या जनावरांच्या बाबतीत दिसून आलेले आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेल्या पारंपरिक पशुवैद्यकातील कासदाहावरच्या लेपात २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना एकत्र वाटून, पाणी घालून पातळ केलेला लेप दिवसातून ८ ते १० वेळा, ५ दिवस कासेला लावण्यास सांगितलेले आहे. यातील एकही वस्तू गावाबाहेरून आणावी लागत नाही. तिन्ही वस्तू पूर्वीही माहीत होत्या. नवीन आहे ते वजन, वारंवारिता आणि दिवस, आणि त्यामुळेच ही कृती तपासता येते, शिकवता येते आणि चुकल्यास सुधारता येते.

काय मोकळे करावे, काय राखावे

प्रत्येक नोंद सर्वांसाठी छापण्याच्या लायकीची नसते. घरगुती, अन्नासारखे वापरले जाणारे उपाय, बाहेरून लावायचे लेप आणि बहुतेक पशुवैद्यक हे पूर्ण कृतीसह मोकळे करण्यास हरकत नाही. गुंज, धोत्रा, कळलावी, रुईचा चीक यांसारख्या विषारी द्रव्यांचे उपाय अभ्यासासाठी जरूर नोंदवावेत, पण वाटपाच्या पुस्तिकेत मात्रा न देता केवळ उल्लेख व धोक्याची सूचना द्यावी. काविळीवर देवडांगरीचा रस नाकात सोडण्याचा प्रकार महाराष्ट्रात बराच प्रचलित आहे आणि त्याने नाकाच्या आतल्या त्वचेला गंभीर इजा होऊ शकते. असा उपाय 'परंपरा' या नावाखाली कोरा छापणे हा बेजबाबदारपणाच होय. सर्पदंशावरचे पाले आणि मुळ्या याही याच वर्गात येतात. तेथे वाटपाच्या मजकुरात एकच सूचना असावी : १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात रुग्ण ताबडतोब न्यावा. तिसरा वर्ग सांगणाऱ्याने राखून ठेवण्यास सांगितलेल्या कृतींचा. त्या लिहाव्यात, पण बंद ठेवाव्यात.

शब्दयोजनेकडेही लक्ष हवे. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मधुमेहासह अनेक रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर बंदी घातलेली आहे. बेडकीच्या पाल्याने 'मधुमेह बरा होतो' असे लिहिण्याऐवजी 'मधुमेहात हा पाला चघळण्याची रीत येथे आहे' असे लिहिणे कायद्याच्या आणि सत्याच्याही अधिक जवळ जाते.

नोंद कोठे ठेवावी

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे बंधनकारक आहे. गावातील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांच्याशी निगडित ज्ञान यांची ही अधिकृत वही असून, स्थानिक वैद्य व जाणकारांची माहितीही तीत येते. ही कल्पना रुजवण्यात परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. राष्ट्रीय हरित अधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यानंतर देशभर नोंदवह्या भराभर पूर्ण झाल्या. घाईत झालेल्या अशा कामात शेजारच्या गावची यादी उतरवली जाण्याचा धोका उघड आहे. आपल्या गावची वही मागून पाहावी. तीत ओढ्याकाठच्या झाडांऐवजी कोकणातली झाडे दिसली, तर दुरुस्तीचा विषय ग्रामसभेत मांडावा. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत संहिताबद्ध झालेल्या ज्ञानाच्या वापराला लाभवाटपातून, म्हणजे वापरातून होणाऱ्या फायद्याचा वाटा देण्याच्या बंधनातून, सूट मिळालेली असल्यामुळे, गावाच्या मौखिक ज्ञानाची गावाच्या नावाने स्वतंत्र नोंद असणे पूर्वीपेक्षा अधिक निकडीचे झाले आहे.

मोकळ्या वाटपासाठी निघणारी पुस्तिका 'क्रिएटिव्ह कॉमन्स' या खुल्या परवान्यांपैकी श्रेयनिर्देश आणि समान परवाना या प्रकाराखाली प्रसिद्ध करणे सोयीचे ठरते. त्यानुसार कोणीही मजकूर छापू व भाषांतरित करू शकतो, परंतु मूळ नाव द्यावे लागते आणि नवा मजकूरही तसाच मोकळा ठेवावा लागतो. मात्र स्वामित्वहक्काचा कोणताही परवाना शब्दांना आणि छायाचित्रांना लागू होतो, औषधाच्या ज्ञानाला नव्हे. 'व्यापारी वापर नको' अशी अट घातल्याने कंपनी थांबत नाही. फक्त मराठी विकिपीडियासारख्या खुल्या ज्ञानकोशांना तो मजकूर घेता येत नाही. कंपनीला रोखायचे असेल ती कृती मुळात छापूच नये. जे छापायचे त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेच्या ग्रंथालयात आणि एक जिल्ह्याबाहेरच्या संस्थेत ठेवावी, कारण मोबाइल बिघडतो आणि कार्यालय बदलते तेव्हा दप्तर हरवते.

वही झाली तरी झाड उरले नाही, तर ती वाचून उपयोग नाही. याबाबत याच जिल्ह्यातील कोंभाळणे येथील पद्मश्री राहीबाई पोपेरे यांच्या देशी बियाण्यांच्या बँकेची रीत, म्हणजे बी फुकट न्यावे आणि पीक आल्यावर दुपटीने परत करावे, औषधी वनस्पतींनाही लागू करता येते. शतावरीची मुळे बी धरून झाल्यावरच काढणे, झाडाची साल चोहोबाजूंनी न सोलणे आणि शाळेच्या कुंपणालगत निर्गुडी, अडुळसा, गुळवेल यांच्या काड्या लावणे एवढ्याने सुरुवात होते.

मिरजगाव परिसरातील शिक्षक, पशुपालक आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आरंभ जनावरांच्या औषधांपासून करावा. त्यात धोका तुलनेने कमी असतो, धनगर मेंढपाळ त्याविषयी संकोच न करता बोलतात, आणि गुण आला की नाही हे आठवड्यात कळते. पहिल्या दहा नोंदी नमुन्यांसह पूर्ण झाल्या की त्या सांगणाऱ्यांना वाचून दाखवाव्यात, त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या कराव्यात, आणि मगच माणसांच्या औषधांकडे वळावे.